'ब्रेक' हे एक क्रियापद आणि आपली तुटणे, मोडणे, फुटणे

सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. 'ब्रेक' या क्रियापदाचे वीसेक अर्थ त्यांनी फळ्यावर लिहून दिले, मुलांनी ते पाठही केले; परंतु निबंधात आणि भाषांतरात जिथे हा शब्द हवा तिथे मुले तो टाळतात आणि जिथे नको तिथे हमखास घालतात. त्यातच एका मुलाने विचारले, की 'द मॉन्सून ब्रोक' म्हणजे पाऊस सुरू झाला आणि 'अ ब्रेक इन द मॉन्सून' म्हणजे पाऊस थांबला, हे दोन्ही एकाच शब्दाने कसे होते? शिवाय 'ही ब्रोक हिज आर्म' हे वाक्य बरोबर आहे का, स्वतःचा हात कोणी स्वतःच कसा मोडेल, अशीही शंका आहे. मी सांगलीत अनेक वर्षे इंग्रजी शिकवतो आणि न्यायालयाच्या व बँकेच्या कागदपत्रांची भाषांतरेही करतो. या एका क्रियापदाशी माझा रोजचा संबंध येतो, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

माझ्या मते अडचण अर्थांच्या यादीतच आहे. यादी पाठ करणारा मुलगा प्रत्येक अर्थ सुटा लक्षात ठेवतो आणि वाच्यार्थापासून, म्हणजे शब्दाच्या सरळ अर्थापासून, लक्ष्यार्थापर्यंतची, म्हणजे त्यावरून सूचित होणाऱ्या अर्थापर्यंतची वाट त्याला कधीच दिसत नाही. ती वाट दाखवायची असेल, तर आधी मराठीत आपण काय करतो हे मुलांकडून वदवून घ्यावे. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तयार होणारा तंबोरा डोळ्यांसमोर आणा. त्याची तार तुटते, खुंटी मोडते आणि भोपळा फुटतो. या तिन्हींची अदलाबदल कोणताही मराठी माणूस करणार नाही. 'तार फुटली' असे तीन वर्षांचे मूलही म्हणत नाही. इंग्रजीत मात्र तारही 'ब्रोक', खुंटीही 'ब्रोक' आणि भोपळाही 'ब्रोक'. मराठी क्रियापद वस्तूची घडण पाहते: दोरीसारखी ताणलेली वस्तू तुटते, काठीसारखी ताठ वस्तू मोडते, पोकळ किंवा ठिसूळ वस्तू फुटते. इंग्रजी क्रियापद वस्तूकडे फारसे पाहत नाही. आधी कोणती स्थिती होती आणि ती संपली का, एवढेच ते पाहते.

ती आधीची स्थिती बहुधा चारांपैकी एक असते. वस्तू अखंड होती, किंवा एखादे बंधन पाळले जात होते, किंवा काहीतरी सलग चालू होते, किंवा काहीतरी आत कोंडलेले होते. 'ब्रेक' शब्द समोर आला की या चारांतले काय संपले, हे मुलांनी विचारायचे. हा काही व्याकरणाचा नियम नव्हे, माझी शिकवण्याची सोय आहे; पण वीस अर्थांपेक्षा चार प्रश्न लक्षात ठेवणे सोपे जाते आणि अनोळखी वाक्यातही ते उपयोगी पडतात.

अखंड वस्तूचा प्रकार सोपा आहे, त्यामुळे तिथे फार वेळ घालवू नये. फक्त 'क्रॅक' आणि 'ब्रेक' यांतला फरक एकदा नीट दाखवावा, आणि त्यासाठी सातारा जिल्ह्याइतके चांगले उदाहरण दुसरीकडे मिळणार नाही. 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपात कोयना धरणाच्या भिंतीला तडे गेले, परंतु धरण फुटले नाही. म्हणजे 'द डॅम क्रॅक्ड, बट इट डिड नॉट ब्रेक'. याच्या उलट 12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटले, तिथे 'ब्रोक' किंवा 'बर्स्ट' दोन्ही चालते. तडा गेल्यावर वस्तू एकसंध राहू शकते, 'ब्रेक' झाल्यावर राहत नाही.

बंधनाचा प्रकार मराठी मुलांना मुळात कठीण जायला नको, कारण इथे आपले 'मोडणे' आणि त्यांचे 'ब्रेक' बरेचसे बरोबरीने चालतात. कायदा मोडणे, नियम मोडणे, करार मोडणे, दिलेले वचन मोडणे, या सर्वांना 'ब्रेक' सरळ लागू पडते. 1930 साली शिराळा भागातील बिळाशीच्या लोकांनी जंगलचा कायदा मोडला, हे वाक्य 'दे ब्रोक द फॉरेस्ट लॉ' असे जसेच्या तसे होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी एकच वसतिगृह काढून रूढी मोडली, हे सांगताना मात्र 'ब्रोक विथ कस्टम' म्हणावे लागते, कारण रूढी हा लिखित नियम नसून जिच्याशी नाते तोडायचे अशी एक चाल असते. इथे 'विथ' येताच क्रियापद 'मोडणे' सोडून 'फारकत घेणे' या अर्थाकडे सरकते.

घोटाळा होतो तो 'शब्द मोडणे' या वाक्प्रचारात. मराठीत 'त्याने वडिलांचा शब्द मोडला नाही' म्हणजे वडिलांनी सांगितलेले ऐकले. विद्यार्थी लिहितात, 'ही डिड नॉट ब्रेक हिज फादर्स वर्ड', आणि इंग्रजी वाचकाला त्यातून बरोबर अर्थ कळत नाही, कारण इंग्रजीत माणूस स्वतः दिलेला शब्द मोडतो. दुसऱ्याचा शब्द 'डिसओबे' केला जातो. तसेच 'बोटे मोडणे'. 'ती सुनेच्या नावाने बोटे मोडते' याचे शब्दशः भाषांतर केल्यास पोलिसात तक्रार होईल.

आता एक गोष्ट अशी, की ती मला शब्दकोशांपेक्षा वर्गातच जास्त उपयोगी पडली आहे. जिथे बंधन माणसाने स्वखुशीने पाळलेले असते, तिथे मराठी मोडत नाही, सोडते. उपास सोडला, मौन सोडले, सवय सोडली. इंग्रजीत 'ब्रोक द फास्ट', 'ब्रोक हिज सायलेन्स', 'ब्रोक द हॅबिट'. 'ब्रेकफास्ट' हा शब्दही रात्रभराचा उपास सोडणे यातूनच आलेला आहे, हे मुलांना सांगितले की त्यांना गंमत वाटते आणि शब्दही पक्का होतो. मराठीत 'उपास मोडला' असेही आपण म्हणतो, पण त्याचा अर्थ वेगळा आहे: मध्येच काहीतरी खाल्ले आणि व्रत बिघडले. हा फरक इंग्रजी एका शब्दात दाखवत नाही. 'ब्रोक हर फास्ट' म्हणजे सोडला की मोडला, हे पुढच्या-मागच्या वाक्यावरून ठरवावे लागते. याच ओळीत आमची कृष्णा बसते. नदीने पात्र सोडले, म्हणजे 'द रिव्हर ब्रोक इट्स बँक्स'. पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीचे आकडे अख्खी सांगली ऐकत असते, त्यामुळे हे वाक्य माझ्या विद्यार्थ्यांना दुसऱ्यांदा सांगावे लागत नाही. 2019 च्या महापुराने 2005 चा उच्चांक मोडला, हे वाक्य 'ब्रोक द रेकॉर्ड' म्हणून त्याच्या शेजारी लिहावे.

तिसरा आणि चौथा प्रकार एकत्र घ्यावा लागतो, कारण मॉन्सूनचे कोडे तिथेच सुटते. सलग चाललेली गोष्ट खंडित झाली, की 'अ ब्रेक'. जुलै-ऑगस्टमध्ये पावसाची आस, म्हणजे कमी दाबाचा लांबट पट्टा, हिमालयाच्या पायथ्याकडे सरकते, तिकडे जोरदार पाऊस पडतो आणि आपल्याकडे कोरडे दिवस येतात. त्याला हवामानशास्त्रात 'मॉन्सून ब्रेक' म्हणतात आणि मराठीत पावसाचा खंड. पाऊस चालू होता, त्यात खंड पडला. माण-खटावच्या मुलांना पावसाने दिलेली ओढ काय असते, हे समजावून सांगण्याची गरजच नाही. 'द मॉन्सून ब्रोक' या वाक्यात मात्र कोंडलेले काहीतरी मोकळे झाले आहे. मे महिन्याचा उकाडा, भरून आलेले आभाळ, दबून राहिलेले वादळ, आणि मग एकदाचा पाऊस. तुटले ते पावसाचे सातत्य नव्हे, तर पावसाला अडवून धरणारे काहीतरी. 'द स्टॉर्म ब्रोक', 'द न्यूज ब्रोक' आणि 'डे ब्रोक' ही वाक्ये याच जातीची आहेत. नाम म्हणून 'अ ब्रेक' आले तर बहुधा खंड, आणि पाऊस, वादळ, बातमी, दिवस यांच्यापुढे ते क्रियापद म्हणून आले तर बहुधा सुरुवात, एवढी खूण त्या मुलाला पुरेल. 'द फीव्हर ब्रोक' हा अपवाद त्याला नंतर कधीतरी सांगावा: तिथे ताप सुरू झालेला नसतो, उतरलेला असतो.

याच चौथ्या प्रकारात मराठीचे 'फुटणे' इंग्रजीच्या फार जवळ जाते, आणि माझ्या मते शिकवण्यातला खरा आनंद इथे आहे. तांबडे फुटले म्हणजे 'डॉन ब्रोक'. घाम फुटला म्हणजे 'ही ब्रोक आउट इन अ स्वेट'. वयात येणाऱ्या मुलाचा आवाज फुटला म्हणजे 'हिज व्हॉइस ब्रोक'. हसू फुटले म्हणजे 'शी ब्रोक इंटू अ स्माइल'. ऊसदराची कोंडी फुटली, ही गळीत हंगामाच्या तोंडावर आमच्याकडच्या वर्तमानपत्रांत हमखास दिसणारी ओळ, 'द डेडलॉक वॉज ब्रोकन' अशी अलगद उतरते. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच लक्षणा निवडावी, याचे मला अजूनही कौतुक वाटते.

त्यातले सर्वांत सुंदर उदाहरण तासगाव आणि मिरजेच्या द्राक्षबागांत आहे. ऑक्टोबरची फळछाटणी झाल्यावर शेतकरी काडीवर हायड्रोजन सायनामाइड लावतो, आणि काही दिवसांनी म्हणतो, 'डोळे फुटले'. डोळा म्हणजे काडीवरची सुप्त कळी. शेतीशास्त्राच्या इंग्रजीत या अवस्थेला 'बड ब्रेक' म्हणतात, म्हणजे इथे 'फुटणे' आणि 'ब्रेक' तंतोतंत जुळतात. परंतु 'डोळे' शब्दशः घेऊन 'द आइज बर्स्ट' लिहिले, तर वाचणाऱ्याला बागेऐवजी रुग्णालय दिसेल. त्याच वेळी झाडाला पालवी फुटली याला सामान्य इंग्रजीत 'ब्रेक' लावत नाहीत, 'द ट्री पुट आउट न्यू लीव्ह्ज' म्हणतात. आणि पान्हा फुटणे, कंठ फुटणे यांना तर 'ब्रेक'चा वाराही लागत नाही. जवळीक आहे म्हणून सर्वत्र भरवसा ठेवता येत नाही, हे मुलांना उदाहरणांनीच कळू द्यावे.

'फुटणे'चा दुसरा मोठा सापळा म्हणजे गुप्त गोष्ट बाहेर पडणे. पेपर फुटला, बातमी फुटली, या वाक्यांत जे घडले ते 'लीक' आहे. 'द न्यूज ब्रोक' म्हणजे बातमी प्रथमच जाहीर झाली. त्यात कोणी चोरून बाहेर काढल्याचा भाव नाही. 'शी ब्रोक द न्यूज टू हिम' याचा अर्थ आणखी निराळा, म्हणजे बहुधा वाईट बातमी तिने त्याच्या कानावर घातली. पक्ष फुटला आणि मते फुटली यांना 'स्प्लिट' हवे. भ्रमाचा भोपळा फुटतो, तेव्हा इंग्रजीत भ्रम 'शॅटर' होतो. शेंगा फोडणे आणि लाकूड फोडणे यांसाठी अनुक्रमे 'शेल' आणि 'चॉप' किंवा 'स्प्लिट' येते. 'तोडणे'चेही असेच आहे: ऊस तोडतात तिथे 'कट', फुले तोडतात तिथे 'पिक'. सांगली-साताऱ्यातला मुलगा 'केन ब्रेकर्स' असे लिहितो, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर ऊसतोड मजुरांची टोळी असते, पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नसते.

'फोडणे' आणि कुलूपबंद जागा यांचा विषय निघाला की मी तुरुंगाचे उदाहरण देतो. 24 जुलै 1943 रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांचे सहकारी सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. मराठीत तुरुंग फोडला आणि चोरांनी घर फोडले, दोन्हीकडे क्रियापद एकच आहे आणि दिशा प्रसंगावरून कळते. इंग्रजीला दिशा सांगावी लागते: 'दे ब्रोक आउट ऑफ जेल', पण 'थीव्ह्ज ब्रोक इंटू द हाऊस'. 'दे ब्रोक द हाऊस' लिहिले, तर घराच्या भिंती पाडल्या असा काहीसा अर्थ होतो. घरफोडीच्या फिर्यादीत हा फरक किरकोळ नसतो.

पैशांच्या व्यवहारात 'मोडणे' हा आमच्याकडचा रोजचा शब्द आहे. पाचशेची नोट मोडून द्या, याला 'कॅन यू ब्रेक अ फाइव्ह-हंड्रेड-रुपी नोट' हे योग्य इंग्रजी आहे. मुदत ठेव मोडणे यालाही आपल्याकडच्या इंग्रजीत 'ब्रेक' म्हणतात, परंतु बँकेला द्यायच्या अर्जात 'प्रीमॅच्युअर विथड्रॉवल' हेच लिहावे. पाटल्या मोडल्या, हे वाक्य मात्र सांभाळावे. खानापूर-आटपाडीच्या गलाई व्यावसायिकांच्या, म्हणजे सोने-चांदी वितळवून शुद्ध करणाऱ्यांच्या, घरांत त्याचा अर्थ कोणालाही विचारावा लागणार नाही: अडचणीपोटी दागिना विकला, सोने वितळवायला गेले. इंग्रजीत 'ब्रोक' घातले तर पाटल्यांचे दोन तुकडे झाले एवढेच समजेल. नेमकी उलट स्थिती काचेच्या बांगडीची. बांगडी फुटते, पण जुन्या वळणाच्या घरांत 'बांगडी वाढली' असेच म्हणतात. मंगळसूत्रही वाढते आणि नारळही वाढवतात. एखाद्या जबाबात 'झटापटीत मंगळसूत्र वाढले' असे आले, तर भाषांतर 'ब्रोक' हेच करावे लागते. अशुभ टाळण्याचा तो संकेत इंग्रजीत नाही आणि तो तिथे नेण्याचा खटाटोपही करू नये.

हाताच्या शंकेकडे येतो. 'ही ब्रोक हिज आर्म' हे वाक्य निर्दोष आहे, आणि त्याचा सरळ अर्थ 'त्याचा हात मोडला' असाच आहे. इंग्रजीत स्वतःच्या शरीराचा अवयव कर्म म्हणून आला, तर इजा झाली असे समजतात. जाणूनबुजून केले असे नाही. मराठीत कर्त्याला 'ने' लागला की करणाऱ्याची जबाबदारी ठळक होते, म्हणून 'त्याने हात मोडला' हे आपल्या कानाला खटकते आणि मुले बिचकून 'हिज हँड वॉज ब्रोकन' लिहितात. ते वाक्य चुकीचे नाही, पण दोन गोष्टी बिघडतात. आपला 'हात' खांद्यापासून बोटांपर्यंत असतो आणि इंग्रजीचा 'हँड' मनगटापासून पुढेच, त्यामुळे कोपराजवळचे हाड मोडले असेल तर 'आर्म' हवे. दुसरे, कर्मणी प्रयोगामुळे कोणीतरी मोडला असावा, असा संशय वाचकाला येऊ शकतो. फिर्यादींच्या भाषांतरात मी 'हिज' या शब्दाला फार जपतो. 'द अक्यूज्ड ब्रोक हिज आर्म' या वाक्यात हात आरोपीचा की फिर्यादीचा, हे सांगता येत नाही. तिथे 'द कम्प्लेनंट्स आर्म' असे स्पष्ट लिहावे. आणि पडून मोडला असेल, तर 'द कम्प्लेनंट ब्रोक हिज आर्म इन अ फॉल' म्हणजे कोणाचेही नाव मध्ये येत नाही.

याच संदर्भात 'माझ्या हातून कप फुटला' हे वाक्य मुलांना अवश्य द्यावे. मराठीत 'मी कप फोडला', 'माझ्या हातून कप फुटला' आणि 'कप फुटला' या तीन पायऱ्या आहेत, आणि प्रत्येक मराठी मूल शिक्षा टाळण्यासाठी त्यांतली योग्य पायरी अचूक निवडते. इंग्रजीत 'आय ब्रोक द कप' आणि 'द कप ब्रोक' या दोनच आहेत. मधली पायरी हवी असेल, तर 'बाय ॲक्सिडेंट' असे वेगळे जोडावे लागते. 'ब्रेक' हे एकाच रूपात सकर्मकही आहे आणि अकर्मकही, हे मुलांना परके वाटण्याचे कारण नाही, कारण आपले 'मोडणे'ही तसेच आहे: फांदी मोडली, आणि त्याने फांदी मोडली. 'तुटणे-तोडणे' आणि 'फुटणे-फोडणे' यांच्याशी तुलना केली, तर त्यांना गोंधळ होतो. 'मोडणे'शी केली, तर होत नाही.

'डाउन', 'अप', 'ऑफ', 'इन' जोडून होणाऱ्या रूपांबद्दल थोडक्यात. खंबाटकी घाटात एसटी बंद पडते ती 'ब्रेक डाउन' होते, आणि एसटी 'ब्रेक' झाली असे कधीच म्हणत नाहीत. ठरलेले लग्न मोडले तर 'द एन्गेजमेंट वॉज ब्रोकन ऑफ', आणि झालेला संसार मोडला तर 'द मॅरेज ब्रोक डाउन' किंवा 'ब्रोक अप'. मराठी 'लग्न मोडले' दोन्हीकडे चालते, म्हणून भाषांतरापूर्वी अक्षता पडल्या होत्या का, हे विचारून घ्यावे. नवी कोल्हापुरी चप्पल पायात बसेपर्यंत जो त्रास होतो, त्या काळात आपण ती 'ब्रेक इन' करत असतो. तिथे काहीच मोडत नाही, फक्त तिचा ताठपणा जातो.

गाडीचा ब्रेक हा स्पेलिंगने वेगळा शब्द आहे, त्याच्या शेवटी 'के'नंतर 'ई' येते. महामार्गालगतच्या गॅरेजांच्या पाट्यांवर ही दोन्ही स्पेलिंगे सर्रास एकमेकांच्या जागी दिसतात, आणि देवनागरीत तर दोन्ही एकच. म्हणून 'लग्नामुळे तिच्या शिक्षणाला ब्रेक लागला' यात गाडीचा ब्रेक आहे आणि 'तिच्या शिक्षणात दोन वर्षांचा ब्रेक पडला' यात खंड आहे, हे मुलांना क्रियापदावरून ओळखता येते: लागतो तो गाडीचा, पडतो किंवा घेतला जातो तो खंड. रूपांपैकी 'ब्रोक' आणि 'ब्रोकन' यांची गल्लत विशेषणात होते. 'आय ॲम ब्रोक' म्हणजे खिशात दमडी नाही; 'आय ॲम ब्रोकन' म्हणजे मी खचलो आहे. सहलीची वर्गणी द्यायला पैसे नाहीत, हे कळवताना विद्यार्थ्याने दुसरे वाक्य लिहिले, तर बाई विनाकारण काळजीत पडतील.